ज्याचा बांबू, त्याची बोली



दिवाळी आटोपली की पऱ्हाटी पांढरी फुटते आणि वेचणीला माणूस मिळेनासा होतो. यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, मारेगाव, झरी-जामणी भागातल्या शेतकऱ्याला अशा वेळी आठवण होते ती पोडावरच्या कोलामांची. सकाळी दव उडायच्या आत बाया येतात, कमरेला फडके बांधतात आणि ओळी धरतात. हात बोंडावर चालतो आणि तोंडाने त्यांची आपसातली बोली. आपल्याला त्यातला एक शब्द कळत नाही. मग बांधावर उभा असलेला आपलाच एखादा भाऊ हसून म्हणतो, "काय व बायांनो, काय चिवचिव लावली? मराठीत बोला ना!"

बाया हसतात आणि गप्प होतात.

हाच भाऊ पोराच्या कॉलेजच्या कामासाठी पुण्याला जातो, तेव्हा त्याच्या तोंडून 'मले', 'तुले', 'कायले' निघाले की तिथला कारकून गालातल्या गालात हसतो. मग आपला भाऊही गप्प होतो. पुण्याच्या खिडकीशी आपली मान खाली जाते आणि आपल्या बांधावर त्या कोलाम बाईची जाते. कारण एकच आहे. ज्याच्या हाती देण्याघेण्याची सत्ता, त्याची भाषा शुद्ध ठरते. बाकीच्यांची चिवचिव.

या अंकात कापसाचे भाव, सरकीचे भाव, विम्याचे पैसे हे सगळे आहेच. पण संपादकीयाची जागा आम्ही मुद्दाम आपल्या शेजाऱ्यांसाठी ठेवली आहे. गोंड, माडिया, कोलाम, कोरकू हे आपले शेजारी शेकडो वर्षांचे आहेत. नागपूर शहर वसवले ते देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. इंग्रजांशी लढून २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपुरात फासावर गेले ते बाबुराव शेडमाके गोंड होते. ज्यांच्या राज्यात आपले पूर्वज नांगर धरत होते, त्यांच्या लेकरांना आज स्वतःच्या भाषेत दोन अक्षरे शिकण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. ही गोष्ट आपल्याला ठाऊक असायला हवी.

नाचापुरते आदिवासी

सरकारला आदिवासी संस्कृतीचे फार प्रेम आहे. मंत्री यायचा असला की ढोल येतो, मोरपिसांचे तुरे येतात, बायांना एका रंगाची लुगडी वाटतात. पाहुण्याच्या डोक्याला तुरा बांधायचा, फोटो काढायचा आणि नाचणाऱ्यांना टेम्पोत बसवून परत पाठवायचे. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो. तो १९९४ साली संयुक्त राष्ट्रसंघाने ठरवला. २००७ साली त्याच संघाने आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा काढला आणि २०२२ ते २०३२ हे आदिवासी भाषांचे दशक म्हणून जाहीर केले. भाषणाला मुद्दे भरपूर झाले. पोडावर त्यातले काय पोहोचले?

आम्हाला नाचाचे वाकडे नाही. पण नाच ही संस्कृतीच्या झाडाची फुले आहेत. मूळ जमिनीत असते. कोणते झाड तोडायचे आणि कोणते राखायचे, मोहफूल केव्हा वेचायचे, भांडण कोणी मिटवायचे, पोराला पहिली गोष्ट कोणत्या भाषेत सांगायची, हे ज्याला ठरवता येते त्याची संस्कृती जिवंत असते. हे ठरवण्याचा अधिकार काढून घेतला आणि नाच तेवढा शिल्लक ठेवला, तर तो नाच फुलदाणीतल्या फुलासारखा. दोन दिवस दिसतो छान, मग माना टाकतो.

गवताला झाड ठरवणारा कायदा

आता एका गावाची गोष्ट सांगतो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात लेखा गावाजवळ मेंढा नावाचे शंभरेक घरांचे गोंडांचे गाव आहे. १९८४ साली गोदावरीवरच्या इचमपल्ली आणि इंद्रावतीवरच्या भोपालपट्टनम या धरणांविरुद्ध 'मानव बचाओ, जंगल बचाओ' आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि लालश्याम शहा त्यात पुढे होते. धरणे त्या वेळी थांबली. पण मेंढ्याची माणसे घरी येऊन झोपली नाहीत. धरण थांबले तरी जंगल आपले कुठे आहे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

गोटुल हे गोंड गावाचे जुने घर. तरुण पोरेपोरी तिथे जमतात, गाणी, कामे, रीतभात शिकतात, गाव तिथे बसते. मेंढ्याने आपले मोडलेले गोटुल पुन्हा उभारले तर वनखात्याची माणसे आली. जंगलातले सागवान वापरले म्हणून त्यांनी ते पाडले. विचार करा. आपल्या गावातली चावडी किंवा देऊळ कोणी असे पाडले तर काय होईल? आसपासची गावे एकत्र बसली आणि गोटुल पुन्हा उभे राहिले. गावाने घोषणा दिली, 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' देवाजी तोफा हे त्या गावचे पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सोबती होते. पण निर्णय पुढाऱ्याचा नसतो. सर्वांची सहमती होईपर्यंत गाव बसून राहते. बहुमताने एकालाही चिरडायचे नाही, ही तिथली रीत. निर्णयाच्या आधी अभ्यास करायचा, त्यासाठी अभ्यासगट. आपल्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी यावरून थोडे शिकावे.

आता बांबू. इंग्रजांनी १९२७ साली भारतीय वन कायदा केला आणि त्यात बांबूला 'झाड' ठरवले. बांबू हे गवत आहे हे शेरडे राखणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. पण झाड म्हटले की ते इमारती लाकूड झाले, लाकूड झाले की खात्याचे झाले. गोंडाने घराच्या कुडासाठी, टोपलीसाठी चार काठ्या आणल्या की तो चोर. आणि कागद गिरणीला तोच बांबू करार करून सवलतीच्या दरात.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात बांबू आणि तेंदूपान हे गौण वनोपज म्हणून लिहिले गेले आणि त्यांची मालकी गावांना दिली गेली. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आणि शेजारचे मर्दा ही गावे होती. आता झाले सगळे असे वाटले ना? नाही झाले. मालकी गावाची, पण बांबू रस्त्यावर आणायचा तर वाहतूक परवाना हवा आणि परवान्याचे पुस्तक खात्याच्या कपाटात! हे पुस्तक गावाच्या हाती यायला दोन वर्षे लागली. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. त्यानंतर गावाने स्वतः बांबू तोडला, मजुरीचा दर स्वतः ठरवला, व्यापाऱ्यांकडून बोली मागवली आणि विकला. ग्रामसभेचे बँकेत खाते आहे, पॅन क्रमांक आहे, हिशेब भिंतीआड नाही.

कापूस पिकवणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागते काय? १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत तीन दशके आपण काय भोगले? जमीन आपली, घाम आपला, बियाणे-खताचे कर्ज आपले. पण बोंडातून कापूस निघाला की तो सरकारचा. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी गाडी सीमेपलीकडे नेली तर गुन्हा. चुकाऱ्यासाठी सहकारी संस्थेच्या दारात खेटे. 'मालक तू, पण माल माझा' हा कावा आपल्या कापसाला लावला तोच त्यांच्या बांबूला. म्हणून कोणी म्हणाले की आदिवासींचा प्रश्न संस्कृतीचा आणि शेतकऱ्यांचा प्रश्न भावाचा, तर ते मानू नका. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच: घाम गाळणाऱ्याच्या मालावर आणि निर्णयावर हक्क कोणाचा?

आणि पाहा, माल हाती आल्यावर संस्कृती कशी सावरते. मजुरीसाठी गाव सोडणारी माणसे गावात थांबली की सण गावात होतो, म्हातारी नातवाला गोष्ट सांगू शकते, गोटुलात माणूस दिसतो. २०१३ मध्ये याच मेंढ्याने ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला, म्हणजे बाहेरच्या सावकाराच्या घशात ती जाऊ नये. जमीन एकाच्या नावाची नव्हे, गावाची, ही त्यांची जुनी समज. ती त्यांनी नव्या कायद्याच्या कागदावर लिहून घेतली. पुढे गडचिरोलीत हजारावर गावांना वनहक्क मिळाले, अनेक ग्रामसभा तेंदूपानाचे लिलाव स्वतः करू लागल्या. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' राहिला नाही. त्या दुरुस्तीचा फायदा धुऱ्यावर बांबू लावणाऱ्या आपल्यासारख्या शेतकऱ्यालाही झाला.

बोलीचा परवाना

बांबूचा परवाना मिळाला. बोलीचा अजून मिळायचा आहे.

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर निघाले. कोरकू बोलणारे सात लाखांच्या वर, कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या वर. गोंड समाज कोटीच्या घरात आहे. म्हणजे बहुतेक गोंडांच्या घरातून गोंडी निघून गेली आहे. संथाली आणि बोडो या भाषांना २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. गोंडीला ती अजून नाही. ही भाषा सहा-सात राज्यांत वाटली गेली आहे. प्रत्येक राज्याने आपापली भाषा तिच्या लेकरांवर लादली आणि कोणत्याच राज्याला ती आपली वाटली नाही.

भाषेला लिपी नाही, ग्रंथ नाही, असे सांगणारे असतात. बालाघाटकडचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी बांधली. आदिलाबादच्या गुंजाळा गावात जुन्या पोथ्या सापडल्या, त्यांत गोंडीची आणखी एक लिपी निघाली. २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत या दोन्ही लिप्यांना संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात जागा मिळाली. नागपूरच्या डॉ. मोतीरावण कंगाली यांनी रिझर्व्ह बँकेची नोकरी करता करता गोंडी भाषा, व्याकरण आणि धर्मपरंपरेवर आयुष्यभर लिहिले. २०१५ मध्ये ते गेले. लिपी आहे, शब्द आहेत, अभ्यास आहे. नाही ती फक्त शाळा.

सहा वर्षांचे कोलाम किंवा गोंड लेकरू पहिल्या दिवशी शाळेत जाते. घरी पाणी, भाकर, गाय, आई यांना वेगळे शब्द आहेत. गुरुजी मराठीत विचारतात, लेकरू गप्प बसते. गुरुजी हजेरीबुकात मनातल्या मनात 'मठ्ठ' अशी नोंद करतात. चौथीपर्यंत लेकराला अर्धे मराठी येते, अर्धी गोंडी विसरते आणि मग ते शाळा सोडते. घटनेचे ३५० अ हे कलम म्हणते की भाषिक अल्पसंख्याकांच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. २००९ चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो की शक्य तितके शिक्षण मातृभाषेत असावे. कागद चोख आहे.

हा कागद खरा मानून धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. सरकारकडे इमारत मागितली नाही, अनुदान मागितले नाही. २०२२ मध्ये शिक्षण खात्याची नोटीस आली: शाळा अनधिकृत आहे, बंद करा. ग्रामसभेला नागपूर खंडपीठात जावे लागले. गावोगावी पत्र्याच्या खोलीत इंग्रजीच्या पाट्या लावून बसलेली दुकाने दिसत नाहीत, पण आईच्या भाषेतली शाळा मात्र डोळ्यांत खुपते. यालाच म्हणतात आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे.

काचेच्या कपाटात ठेवायचे काय?

आमचे काही तरुण कार्यकर्ते विचारतात, मग त्यांनी तसेच मागे राहायचे काय? रस्ता नको, दवाखाना नको, मोबाइल नको? प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही सरळ द्यायला हवे. कोणत्याही माणसाला काचेच्या कपाटात ठेवायचा अधिकार कोणालाच नाही. मेंढ्याने संगणक नाकारला नाही, बँक नाकारली नाही, बाजार तर मुळीच नाकारला नाही. बाजारात मालक म्हणून जायचे, चोर म्हणून नाही, एवढेच त्यांनी मागितले.

आणि जुने ते सगळे सोने, असेही आम्ही म्हणत नाही. गडचिरोलीत पाळीच्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या कुर्माघरात बसवण्याची प्रथा आहे. पावसात, सापाविंचवात तिला तिथे राहावे लागते. ही प्रथा संस्कृती म्हणून जपावी असे आम्हाला वाटत नाही. पण ती बदलायची कोणी? त्या गावच्या बायांनी, त्यांच्या ग्रामसभेत, आपल्या भाषेत. बाहेरचा साहेब हुकूम काढतो तेव्हा लोक वाईट प्रथेलाही आपली म्हणून कवटाळतात. आपल्याकडच्या विधवेचे कुंकू आणि हुंडा हे बाहेरच्या हुकुमाने सुटले काय? जे सुटले ते आपल्याच बाया बोलत्या झाल्या तेव्हा सुटले.

ठरवण्याचा हक्क म्हणजे काय, हे २०१३ मध्ये ओडिशात दिसले. नियमगिरीच्या डोंगरातले बॉक्साइट खणायचे होते. डोंगरिया कोंध लोक म्हणत होते की तो डोंगर आमचा देव, नियमराजा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितले की याचा विचार तिथल्या ग्रामसभांनी करावा. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराच्या बारांनी नाही म्हटले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला केंद्र सरकारने परवानगी नाकारली. विकास हवा की नको, असा तो सवाल नव्हता. विचारले गेले की नाही, असा होता.

आपल्या सातबाऱ्यावर काय आहे?

आता कडू बोलायचे आहे. सरकारला शिव्या घालणे सोपे असते. पण आदिवासींची जमीन गेली ती सगळी सरकारने नेली नाही. सावकाराने नेली, व्यापाऱ्याने नेली आणि खोटे कशाला बोलायचे, काही ठिकाणी आपल्यासारख्या कुणब्या-माळ्यांनीही नेली. दोन पोती जवारीच्या बदल्यात, पोराच्या लग्नाच्या उसनवारीत, कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यात. म्हणून तर १९७४ चा जमिनी परत करण्याचा कायदा करावा लागला. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घेता येत नाही, असे महसूल कायदा सांगतो. तरी मक्त्याच्या नावाखाली, दुसऱ्याच्या नावावर, व्यवहार होतात. भावांनो, 'भीक नको, घामाचे दाम हवे' असे ज्या तोंडाने आपण म्हणतो, त्या तोंडाने कोलामाच्या घामाचे आणि जमिनीचे दाम बुडवता येणार नाहीत.

आणखी एक. आपलेही काही निसटत आहे. घरच्या कणगीतले जवारीचे बियाणे गेले, हुरड्याची वाणे गेली, जवारीच्या जागी सोयाबीन आले, सरकीचे पाकीट दरवर्षी दुकानातून येते. नव्या बियाण्याला आमचा विरोध नाही, शेतकऱ्याने जे परवडेल ते पेरावे. पण बियाण्यासोबत त्याची नावे गेली, पेरणीची गाणी गेली, आणि ती गेलेली आपल्याला कळलीही नाहीत. शेजाऱ्याची भाषा कशी जाते हे समजायला आपली रिकामी कणगी पुरेशी आहे.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीसमोर आम्ही तीन गोष्टी ठेवतो. त्यावर चर्चा करावी, पटल्या तर ठराव करावा.

पहिली, ज्या ग्रामसभा आपल्या लेकरांना आपल्या बोलीत शिकवू पाहतात, त्यांच्या शाळांना मान्यता मिळावी ही आपलीही मागणी असावी. दुसरी, बांबू, तेंदू, मोहफूल यांच्या विक्रीवर कोणत्याही खात्याचा अडसर नको. मालकाला माल विकण्याची मोकळीक कापसाला हवी तशी मोहालाही हवी. तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, घरी करायची आहे. वेचणीची मजुरी काट्यावर खरे वजन करून त्याच दिवशी चुकती करावी. घेतलेल्या जमिनीचा कागद एकदा स्वतःच्या मनासमोर उघडून पाहावा. आणि ओळीत बाया आपल्या भाषेत बोलत असतील तर बोलू द्याव्यात. जमल्यास एखादा शब्द विचारून घ्यावा. कापसाला कोलामीत काय म्हणतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? इतक्या पिढ्या एका बांधावर काढल्या, तरी नाही. यंदाच्या वेचणीत तेवढे तरी शिकून यावे.